दोन दिनारांचा धडा

वार्षिकाच्या मराठी विभागासाठी चार ओळी लिहून द्याव्यात, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा सेवानिवृत्त शिक्षकाजवळ सांगण्याजोगे असते तरी काय, हाच विचार प्रथम मनात आला. आयुष्यभर त्याने इतरांच्या चुकांखाली तांबड्या शाईने रेघा ओढलेल्या असतात. निदान एकदा तरी ती लेखणी आपल्या स्वतःच्या वहीवर चालवावी, असे ठरवून माझ्या अध्यापनातील एका तासाची हकीकत येथे सांगत आहे. तो तास आपल्या हातून घडलेला सर्वोत्तम तास होय, असे मला जवळजवळ आठवडाभर वाटत होते. पुढे जे कळले, त्याने ती समजूत कायमची गेली.

या गोष्टीला तीस वर्षे होऊन गेली. मी त्या वेळी याच वर्धा जिल्ह्यातील दुसऱ्या एका ख्रिस्ती शाळेत मराठी शिकवीत असे, आणि आठवड्यातून दोन दिवस सकाळचा नीतिपाठही मजकडे असे. वर्गात सर्व धर्मांची मुले असत. कोणी शहरातली, तर बरीचशी आसपासच्या खेड्यांतून सायकलीने किंवा एस. टी. च्या गाडीने येणारी. मी तरुण होतो, नुकताच परीक्षा देऊन आलेला होतो, आणि मला माहितीचा मोठा षोक होता. मथुशलह किती वर्षे जगला? नऊशे एकोणसत्तर. बाशानचा राजा ओग याचा पलंग किती लांब होता? नऊ हात. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात श्लोक किती? एकशे शहात्तर. अशा प्रश्नोत्तरांनी माझी एक जाड वही भरलेली होती. दर शुक्रवारी मी वर्गाचे दोन पक्ष करून या प्रश्नांची चढाओढ लावीत असे. मुले ती उत्तरे घोकून येत आणि पालकही मोठ्या कौतुकाने म्हणत, ‘‘आमच्या मुलाला पवित्र शास्त्र तोंडपाठ आहे.’’ मथुशलहाने नऊशे एकोणसत्तर वर्षांत केले काय, हे मात्र एकाही मुलाने मला विचारले नाही, आणि मीही स्वतःस विचारले नाही.

त्या वर्षी शाळेच्या तपासणीच्या निमित्ताने काही पाहुणे आले होते आणि त्यांच्यासमोर नीतिपाठाचा एक आदर्श तास घेण्याचे काम मजवर सोपविण्यात आले. मी चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त निवडला. तो लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे आणि आपल्या शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या एका वाटसरूस लुटारूंनी मारझोड करून अर्धमेला टाकले. एक याजक आला, तो पाहून पलीकडून निघून गेला. एक लेवी आला, त्यानेही तेच केले. मग ज्यांना यहुदी लोक तुच्छ लेखीत अशा शोमरोन्यांपैकी एकजण आला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, त्या माणसास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर शुश्रूषा केली आणि सकाळी उतारशाळेच्या रक्षकास दोन दिनार दिले.

या साध्या कथेवर मी विद्वत्तेचा केवढा डोलारा उभारला! रात्री जागून रंगीत खडूंनी फळ्यावर नकाशा काढला. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच, यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे आठशे फूट खाली, आणि मधली वाट सतराअठरा मैलांची, हे सर्व आकड्यांनिशी मांडले. दिनार हे रोमन नाणे चांदीचे असून त्यावर कैसर तिबिर्याची मुद्रा कशी असे, हे सांगितले. लेवी कोण, त्यांची कामे कोणती, शोमरोन्यांचे मंदिर कोणत्या डोंगरावर होते, द्राक्षारसाने जखम का धूत, यांपैकी काहीही सोडले नाही. मुलांना अगोदरच पढविलेले असल्याने प्रश्न विचारताच हात भराभर वर होत होते. पाहुणे प्रसन्न दिसत होते, आणि मी तर त्यांच्याहूनही प्रसन्न होतो.

तास संपावयास पाच मिनिटे उरली असता मी रीतीप्रमाणे विचारले, ‘‘कोणास काही शंका?’’ मागच्या बाकावरून एक हात वर आला. तो मुलगा हिंगणघाटच्या बाजूच्या एका खेड्यातला, अबोल, अभ्यासात बेताचा. माझ्या शुक्रवारच्या चढाओढीत त्याला कोणताच पक्ष आनंदाने घेत नसे. उभा राहून तो म्हणाला, ‘‘सर, त्या मानसाच्या घरी कोनी सांगतलं का जी?’’

वर्ग खो खो हसला. मी घड्याळाकडे पाहिले, पाहुण्यांकडे पाहिले आणि म्हणालो, ‘‘ते शास्त्रात दिलेले नाही. जे दिले आहे त्याविषयी विचार. बस खाली.’’ तो बसला. घंटा झाली. पाहुण्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केले.

त्या दिवसानंतर तो मुलगा शाळेत आला नाही. चारपाच दिवस लोटल्यावर मी त्याच्या गावच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याजवळ चौकशी केली. तेव्हा समजले की, त्याचे वडील सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पडून आहेत. ते मजुरीने दुसऱ्याच्या कापसाची बंडी घेऊन हिंगणघाटच्या बाजारास गेले होते. परतताना काळोखात एका भरधाव वाहनाचा धक्का लागून ते रस्त्याच्या कडेला पडले. ते वाहन थांबले नाही. किती वाहने जवळून गेली, कोणास ठाऊक! पहाटेच्या सुमारास एका परप्रांतीय मालमोटारीच्या चालकाने त्यांना पाहिले, उचलले, आपल्या घोंगडीत गुंडाळले आणि रुग्णालयात पोचते केले. घोंगडी तशीच ठेवून तो निघून गेला. जखमी मनुष्य दोन दिवस शुद्धीवर नव्हता, आणि खिशात नावगावाचा कागद नव्हता. म्हणून ते दोन दिवस घरी कोणासच काही कळले नाही. मुलाची आई दोन रात्री शेजाऱ्यांना घेऊन रस्त्याने कंदील फिरवीत होती. हे सर्व माझ्या आदर्श तासाच्या आदल्या आठवड्यात घडलेले होते. तासाच्या दिवशी तो मुलगा रुग्णालयातून सरळ शाळेत आला होता.

दुसऱ्या दिवशी मी सेवाग्रामला गेलो. खाटेजवळ तो मुलगा बसला होता. मला पाहून तो उठून उभा राहिला आणि वडिलांना म्हणाला, ‘‘बाबा, आमचे सर आले.’’ त्या गृहस्थांनी मोठ्या कष्टाने हात जोडले. काय झाले असे मी विचारता ते म्हणाले, ‘‘मले काहीच आठोत नाही जी. डोया उघडला त दवाखान्यात होतो. ज्यानं आनलं त्याचं नावबी मालूम नाही.’’ पायथ्याशी ती घोंगडी घडी करून ठेवलेली होती. मजजवळ त्या वेळी बोलावयास शब्द नव्हते. नकाशा नव्हता, आकडे नव्हते, आणि असते तरी तेथे ते कशाच्या उपयोगाचे होते?

परत येताना सेवाग्राम ते वर्धा हे पाचएक मैलांचे अंतर मी पायीच आलो. वाटेत तो दृष्टान्त मी मनाशी पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि इतक्या वर्षांत न दिसलेली एक गोष्ट मला दिसली. हा दृष्टान्त सांगितला गेला तो एका शास्त्र्याच्या प्रश्नावरून. तो शास्त्री अडाणी नव्हता. त्याला नियमशास्त्र काय सांगते असे विचारले असता त्याने अचूक उत्तर दिले, आणि ते बरोबर असल्याचे प्रभूने मान्यही केले. माझ्या शुक्रवारच्या चढाओढीत तो पहिला आला असता. पण तेवढ्याने त्याचे समाधान होईना. आपली बाजू राखण्यासाठी त्याने पुढे विचारले की, माझा शेजारी कोण? त्याला शब्दाची व्याख्या हवी होती. मिळाली ती एक कथा, आणि कथेच्या शेवटी पुन्हा त्यालाच एक प्रश्न, आणि प्रश्नाचे उत्तर दिल्यावर एक काम. त्याने जाऊन तसेच करावयाचे होते. मी तो दृष्टान्त शिकविला होता, पण अगदी त्या शास्त्र्याच्या पद्धतीने. आणि मागच्या बाकावरचा मुलगा मात्र त्या कथेत शिरला होता. जखमी मनुष्यास घर असते, घरी कोणी वाट पाहत असते, हे त्याने ओळखले होते. सर्व वर्गात, पाहुण्यांसह, दृष्टान्त समजलेला तो एकटाच होता, आणि त्यालाच मी खाली बसविले होते.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी एक समास वेगळा राखून ठेवला आहे. तो समास मी विद्यार्थ्यांस कित्येकदा शिकविला होता. त्या संध्याकाळी तो मी प्रथमच स्वतःसाठी वाचला.

आता कोणी म्हणेल, तर मग माहिती नकोच की काय? तसे माझे म्हणणे मुळीच नाही. पुढील आठवड्यात तो मुलगा शाळेत आल्यावर मी सर्व वर्गासमोर त्याची क्षमा मागितली आणि तोच धडा पुन्हा घेतला. या वेळी फळा कोराच ठेवला. मी विचारले, ‘‘तुमच्या गावी निंदणाची, कापूस वेचण्याची एका दिवसाची मजुरी किती?’’ खेड्यांतली मुले, जी एरवी गप्प असत, ती बोलू लागली. पुरुषास इतकी, बाईस त्याहून कमी, असे आकडे त्यांनीच सांगितले. मग मी त्यांना मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांची गोष्ट सांगितली, ज्यांची दिवसाची मजुरी एक दिनार ठरली होती. ‘‘तर त्या शोमरोन्याने किती दिले?’’ एक मुलगी चटकन म्हणाली, ‘‘दोन दिवसांची मजुरी.’’ वर्ग स्तब्ध झाला. दोन दिवसांची मजुरी म्हणजे काय, हे त्यांतील अनेकांच्या घरी चुलीला ठाऊक होते. पहिल्या तासात मी दिनाराची चांदी सांगितली होती, मुद्रा सांगितली होती, फक्त त्याचे मोल सांगावयाचे राहिले होते.

ते उंचीचे आकडेही मग उपयोगी पडले. सतराअठरा मैलांत तीन हजार फुटांहून अधिक उतरणारी ती वाट ओसाड, वळणावळणांची. तेथे थांबणे म्हणजे आपलाही जीव धोक्यात घालणे, हे कळल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे तो याजक भ्यायला असेल, सर.’’ हे मला कधी सुचले नव्हते. तेव्हापासून मी एवढे शिकलो की, माहिती तीच असते. ती शिक्षकाच्या डोक्यावरचा तुरा व्हावयाची की मुलाच्या हातातला कंदील, हे ती कशासाठी आणली यावर ठरते.

आणि हे शिकण्यास मला दूर जावयास नको होते. ज्या वर्ध्यात मी राहत होतो, त्याच वर्ध्यात १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांस महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिने डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली. तीवर सिलोनचे ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञ ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे निमंत्रक होते आणि जे. सी. कुमारप्पा हे दुसरे ख्रिस्ती गृहस्थ सभासद होते. आर्यनायकम् व त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी शांतिनिकेतन सोडून आपले पुढील आयुष्य सेवाग्रामच्या नयी तालीमला वाहिले. त्या पद्धतीचे मर्म असे की, मुलाच्या हाताला जे काम असेल त्याच्या आधाराने त्याला विद्या द्यावी. मूल टकळीवर सूत काढते. सूत मोजताना गणित येते, कापूस कोठे पिकतो हे पाहताना भूगोल येतो, सूत कातणाऱ्याची मजुरी मोजताना समाजाचा विचार येतो. अर्थात याही पद्धतीचा डोलारा होऊ शकतो. ओढूनताणून सगळे जग टकळीला बांधणारा शिक्षक आणि ओगाचा पलंग मोजणारा शिक्षक यांत फारसा फरक नाही. परंतु मुलाच्या हातापासून आरंभ करावा, हे तत्त्व खरे. ज्या जिल्ह्यात पऱ्हाटीच्या ओळींतून चालत मुले शाळेत येतात, तेथे मी कैसराच्या मुद्रेपासून आरंभ केला होता, हे आठवून आजही लाज वाटते.

माझ्या प्रश्नांच्या वहीत आपल्या जिल्ह्याचेही एक पान होते. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी कोणी व केव्हा खुले केले? जमनालाल बजाज, १९२८. दत्तपूरचे कुष्ठधाम कोणी व केव्हा स्थापिले? मनोहरजी दिवाण, १९३६. मुले ही उत्तरे एका श्वासात देत. मंदिर १९२८ साली उघडले, तर त्यापूर्वी दाराबाहेर कोण उभे होते, हा प्रश्न वहीत नव्हता. आणि दत्तपूर शाळेपासून फार दूर नसताही मी व माझे विद्यार्थी तेथे कधी गेलेलो नव्हतो. पुढील वर्षी आम्ही गेलो. एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस बसावयास सतरंजी अंथरली. त्यांच्या हाताची बोटे झडलेली होती. क्षणभर कोणीच बसेना. प्रथम कोण बसले हे सांगत नाही. इतकेच सांगतो की, तो मी नव्हतो. नंतर मात्र आम्ही सर्वजण बसलो आणि तासभर त्यांच्या गोष्टी ऐकल्या. परत आल्यावर मुलांनी जे निबंध लिहिले, त्यांत सनावळीच्या चुका होत्या. मी त्या तांबड्या शाईने दुरुस्त केल्या, कारण सन चुकू नयेच; पण गुण सनांसाठी दिले नाहीत.

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात मी एका प्रयोगाची हकीकत वाचली. तो अमेरिकेत प्रिन्स्टन येथे जॉन डार्ली व डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर केला, आणि १९७३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींना याच शोमरोन्याच्या दृष्टान्तावर भाषण द्यावयास दुसऱ्या इमारतीत पाठविले, काहींना दुसऱ्या विषयावर. वाटेत एक मनुष्य दारापाशी वाकून कण्हत बसलेला होता. तो मुद्दाम बसविलेला होता. ज्यांना उशीर झाला आहे, धावा, असे सांगितले होते, त्यांपैकी शेकडा दहाच थांबले. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी शेकडा त्रेसष्ट थांबले. भाषणाचा विषय शोमरोन्याचा होता की दुसरा, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे वाचून मी पुस्तक मिटले. घड्याळाकडे पाहून एका मुलास खाली बसविणारा शिक्षक मला पुन्हा आठवला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या काळात ओगाच्या पलंगाची लांबी भ्रमणध्वनी क्षणात सांगतो. पाठांतराची प्रौढी मिरविण्याचे दिवस गेले, याचे मला दुःख नाही. पाठांतर अवश्य करा. चांगल्या वचनांचा साठा संकटात कामास येतो. परंतु प्रत्येक पाठानंतर स्वतःस विचारा की, हे कळल्यावर मला कोणाकडे जावयाचे आहे? आणि वर्गात तुमच्या मनात एखादा प्रश्न उठला, व तो विचारल्यास मुले हसतील असे वाटले, तरी तो विचारा. हसणाऱ्यांना कित्येकदा धडाच समजलेला नसतो. शिक्षकासही नसतो.

पालकहो, मूल शाळेतून घरी आले की आपण विचारतो, ‘‘किती गुण मिळाले? कितवा नंबर आला?’’ त्यात गैर काही नाही. पण एखाद्या दिवशी एवढेही विचारून पाहावे, ‘‘आज वर्गात कोण आले नाही? का आले नाही?’’ ज्या मुलास याचे उत्तर देता येते, त्याचे धार्मिक शिक्षण बरे चालले आहे असे समजावे. ख्रिस्ती शाळा म्हणविणाऱ्या आपल्यासारख्या संस्थेची परीक्षा शेवटी याच प्रश्नावर होणार आहे.

तो मुलगा पुढे बेताच्याच गुणांनी मॅट्रिक झाला. त्याचे वडील बरे झाले. एक पाय मात्र अधू राहिला. ती घोंगडी परत करण्यासाठी त्यांनी कित्येक दिवस रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्या चालकांजवळ चौकशी केली, पण तो मनुष्य सापडला नाही. माझ्या प्रश्नोत्तरांच्या वहीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. ती मी फाडली नाही. फक्त पहिल्या पानावर, मथुशलहाच्या वर, एक प्रश्न वाढविला, आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक धड्याची तयारी करताना तो प्रथम वाचण्याचा नेम ठेवला. तो प्रश्न माझा नव्हे. तो मागच्या बाकावरून आलेला आहे: त्या माणसाच्या घरी कोणी सांगितले का?